हापशाच्या बाटलीवरचं नाव

दादा, तुमच्यावर मला राग आहे. आधी तेच लिहिते. परवा रविवारी तुमच्या पाचव्या दिवसाच्या जलदान विधीला चौसाळ्याला तुमच्या घरी आले होते, तर जो उठेल तो तुमच्याबद्दल गोडच बोलत होता, आणि मी मागं भिंतीला टेकून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. असं कुणी जातं का? मागच्या मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेत आपण समोरासमोर डबे उघडले, तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला आणि तुमची मान खाली गेली. मला वाटलं चष्मा पडला, शोधताय. मी म्हणालेसुद्धा, "खिशात बघा." पण ते तुम्हाला ऐकूच गेलं नाही, म्हणून ते आपलं शेवटचं बोलणं धरत नाही मी. शेवटचं बोलणं आदल्या दिवशीचं, सोमवारचं. त्याच्यावर यायला मला वेळ लागणार आहे. तुम्हीच म्हणायचात ना, आधी जुनं पाणी उपसू दे.

पहिल्याच फेरीत हेच तर शिकवलंत. बीडच्या आपल्या प्रयोगशाळेत मी कच्च्या नोकरीवर लागले, आणि तिसऱ्याच दिवशी तुम्ही मला मांजरसुंब्याकडच्या त्या पेट्रोल पंपावर नेलंत. पंपाची जमिनीतली जुनी टाकी गळली होती. पेट्रोल मातीतून कुठवर गेलंय ते कळावं म्हणून पंपाभोवती जमिनीत चार पाइप उतरवले होते. पाचवी जागा उताराला, ऊसतोडीवाल्यांच्या वस्तीतला हापसा. या पाचही ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, हे आपलं काम. मी पाइपात दोरीला बांधलेलं नळकांडं सोडलं, पाणी वर आलं, बाटली पुढं केली, तर तुम्ही माझा हातच धरला. "ए बाई, कावून घाई करतीस? हे पाइपात उभं राहिलेलं पानी हाय. ह्याला काय बी म्हाईत न्हाई. हे टाक, अजून टाक, मग जमिनीतलं खरं पानी येतंय." पाइप तीनदा रिकामा होईल इतकं पाणी माझ्याकडून उपसून घेतलंत. दुपारचं ऊन, दोरीनं बोटं सोललेली. मी मनात म्हणाले, हा माणूस येडा हाय.

येडेच होतात तुम्ही. नमुन्याच्या दिवशी डोक्याला तेल नको, अत्तर नको, अगरबत्तीचा हात नको. एकदा मी मेंदी काढून आले तर मला नमुन्यांच्या बर्फाच्या पेटीला हात लावू दिला नाहीत, नुसतं बर्फ आणायला रसवंतीवर पिटाळलंत. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे त्या दिवशी पेट्रोलला हात लावायचा नाही. गाडीची टाकी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायची. पेट्रोल पंपावर सारखी येणारी ही माणसं इथं पेट्रोल भरत नाहीत, याचं त्या पंपावाल्यांना केवढं हसू यायचं!

तळहातात मावणारी ती काचेची बाटली. पाणी तोंडाशी फुगून येईपर्यंत भरायची, मग बूच, मग उलटी करून टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी तुम्ही म्हणायचात, "वत. परत भर. पेट्रोल त्या हवंत जाऊन बसतंय आन पानी साळसूद होतंय." आणि शेजारी ती कोरी बाटली. आपल्याच प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी, ते तिथं नेऊन, उघडून, त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीत ओतायचं. तिच्यात पेट्रोल निघालं तर दोष जमिनीतल्या पाण्याचा नाही, आपल्या हाताचा. "ही आपली साक्षीदार हाय, सुरेखा," तुम्ही म्हणायचात, "हिला कदी इसरू नगंस."

आणि रजिस्टर! मी एकदा चुकीचा आकडा पांढऱ्या शाईनं बुजवला, त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडलात. "बुजवायचं न्हाई. एक रेघ मारायची, वर खरं लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची. खालचं वाचता आलं पायजे. चुकलो हे लपलं की मग समदंच लपतंय." मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. नवव्या दिवशी वहिनींनी माझ्यासाठी डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली, आणि तुम्ही ती माझ्यापुढं सरकवून खिडकीबाहेर बघत बसलात.

माझे आईबाप दर साल दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याला निघायचे, तिथं पाचटाच्या कोपीत राहायचे, हे तुम्हाला मी कधी सांगितलं आठवत नाही. पण वस्तीतल्या त्या हापशापाशी आलो की तुम्ही माझ्याकडं बघायचात. "तुमच्या कोपीवर बी असाच कुनाचा तरी हापसा असंल की गं," एवढंच म्हणायचात. मला कळायचं, याची बाटली नीट भर, असं सांगताय.

तीच बाटली मी नीट भरली नाही, दादा.

गेल्या वर्षीचा चैत्र. आदल्या दिवशी तुम्ही माझ्या स्कूटीचा काटा बघितलात आणि म्हणालात, "आजच भर." मी विसरले. सकाळी गाडी रस्त्यात बंद पडली. ढकलत नेली, पेट्रोल भरलं, झाकण लावताना बोटांवर सांडलं. फडक्याला पुसलं आणि निघाले. तुम्ही चौसाळ्याहून पेटी घेऊन कधीचे येऊन थांबलेले. तुम्ही पाइपांकडं गेलात, मला हापशावर पाठवलंत. मी हातमोजे घातले, पण घातले ते त्याच बोटांनी. हापशावर बायांची रांग, कळशांवर कळशा. कौसामावशी सगळ्यांत पुढं, कमरेवर हात. "ये पोरी, तुजं तपासायचं व्हईस्तोवर आमी काय वाळून जावं व्हय?" मी भराभर हापसलं, भराभर बाटली भरली. कोरी बाटली पेटीत तशीच राहिली. रजिस्टरात नमुना घेणाऱ्याचं नाव लिहायचं तेही राहिलं. तुम्हाला काही म्हणजे काही बोलले नाही.

आठवड्यानं अहवाल आला. हापशात पेट्रोल, आणि तेही थोडंथोडकं नाही. हापशाचा दांडा काढून नेला. वस्तीला टँकर लागला, तोही आला तर आला. बाया तुमच्या नावानं बोटं मोडायला लागल्या, कारण 'पाणी पिऊ नये' ही पाटी ठोकायला तुम्ही गेला होतात. मी तेव्हाच बोलले असते, तर चार दिवसांत परत बाटली भरली असती, चैत्रातच, कोरी बाटली शेजारी ठेवून, आणि काय खरं काय खोटं ते तिथंच निकालात निघालं असतं. मी मूग गिळून बसले. तीन महिन्यांची कच्ची नोकरी होती, घरात पहिली पगारदार मी होते, हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे मला लाज वाटत होती, तुमची.

मग श्रावणात तुम्ही स्वतः बाटली भरलीत आणि ती स्वच्छ निघाली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. एवढी मोठी गडबड झालीच कशी, पहिली बाटली कुणी भरली होती? रजिस्टर उघडलं, तर हापशाच्या ओळीत नावाची जागा रिकामी. तुम्ही खिशातलं पेन काढलंत, पुढं झालात आणि सगळ्यांदेखत त्या रिकाम्या जागी आपलं नाव लिहिलंत. "मिलिंद." म्हणालात, "चूक माझी हाय, साहेब. सकाळी गाडीत पेट्रोल भरलं व्हतं. कोरी बाटली बी मीच उघडली न्हाई." ज्या माणसानं मला पांढऱ्या शाईवरून झापलं, त्यानं त्या रजिस्टरात खोटं नाव लिहिलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. स्कूटीचा भरलेला काटा तुम्ही त्या दिवशीच पाहिला असणार. तुम्ही सगळेच काटे बघायचात.

हापशाला परत दांडा बसला. तुमचं फील्ड गेलं. इतक्या वर्षांचा माणूस, त्याला टेबलावर बसवून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लावलं, आणि पेटी माझ्या हातात आली. तुम्ही मला पेटी देताना तिची कडी कशी अडकते ते दाखवलंत, बस्स.

तुम्ही एकदा तरी विचारायचं होतंत, दादा. "सुरेखा, त्या दिवशी पेट्रोल भरलं व्हतं का गं?" एवढंच. विचारलं असतंत तर मी बोलले असते. हेही खोटंच. मी नाहीच म्हणाले असते, आणि तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत.

त्याऐवजी तुम्ही दुसरंच धरून बसलात. दिवाळी झाली तशी तुमची पिरपिर सुरू. "बोटावरच्या पेट्रोलनं एवढा आकडा येत न्हाई, सुरेखा. एवढ्याला बाटलीत थेंब सोडावा लागंल. श्रावनात पानी वर व्हतं, पावसानं समदं धुतल्यावानी दिसतंय. उन्हाळ्यात पानी खाली जातंय तवा खरं कळतंय. चैत्रात परत घे." तुमचं ऐकणार कोण? चूक कबूल केलेला माणूस तुम्ही. सांगायचं मी होतं. पेटी माझ्याकडं, सही माझी. आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढत गेले, कारण ती बाटली परत उघडली की ते पान परत उघडणार होतं.

आता तो सोमवार. सकाळी आल्या आल्या तुम्ही म्हणालात, "उन्हाळा चालला, सुरेखा. हापशाचं कवा घेतीस?" मला काय झालं कोण जाणे. सगळ्यांसमोर ओरडले. "दादा, कावून उकरताय परत परत? तुमचीच चूक होती न्हवं? तुमीच सांगितलंत न्हवं साहेबांला?"

तुम्ही चिकटवत होतात ती चिठ्ठी अंगठ्यानं दाबलीत. म्हणालात, "व्हय."

आणि पुढची चिठ्ठी घेतलीत. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर दिवसभर तुम्ही आणि मी एका खोलीत होतो आणि मी तुमच्याकडं पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी माफी मागायची असं ठरवून आले होते. जेवण झाल्यावर मागू म्हटलं.

गुरुवारी साहेबांनी तुमचं टेबल आवरायला सांगितलं. खणात तुमच्या चष्म्याचं घर, वहिनींचा एक जुना फोटो आणि रबरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. दोन्हींवर तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. एकीवर 'हापसा', दुसरीवर 'कोरी'. तारखेची जागा मोकळी, नमुना घेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी. मी रबर परत गुंडाळलं आणि त्या पेटीत ठेवल्या.

शुक्रवारी गेले. आदल्या संध्याकाळी टाकी भरली होती. डोक्याला तेल नाही, काही नाही. कौसामावशी हापशावर एकटीच होती. म्हणाली, "तू आलीस व्हय? ते दादा कुटंयत?" मी विचारलं, कोणते दादा. "आगं तेच की, चष्म्यावाले. दर आयतवारी येत्यात. पेल्यात पानी घेत्यात, वास घेत्यात, न्हाई बोलत काय आन जात्यात. मला म्हनले, मावशी, पाऊस पडंस्तोवर हे पिऊ नगा, वरच्या हिरीचं आना. म्या आनते. समद्या कुटं आनत्यात? लांब हाय गं ती हीर."

तुमच्या हातात बाटली नव्हती, पेटी नव्हती, तुमच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, तर तुम्ही सुट्टीच्या दिवशी चौसाळ्याहून येऊन नाकानं तपासत होतात. आणि मला यातलं काही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं, तेही आलंच.

"दादा गेले, मावशी," मी म्हणाले. तिच्या हातातला दांडा वरच्या वर राहिला. मग ती हापसायला लागली. मी म्हटलं, मी हापसते, तर मला बाजूला सारलं. "किती काढायचं सांग, त्यांनी सांगितल्यालं तेवढं काढू." पाव तास काढलं. मग मी बाटली भरली. उलटी करून टिचकी मारली. परत भरली. तिसऱ्यांदा बुडबुडा आला नाही. मग कोरी उघडली. दोन्हींवर तुमच्या अक्षराखाली माझं नाव लिहिलं, ओल्या बाटल्यांवर 'सु' पसरला, 'रेखा' एवढंच नीट वाचता येतं.

परवा जलदानाला वहिनींनी मला पुढं बोलावलं. लोट्यातलं पाणी वाटीत सोडत होते, भन्तेजी गाथा म्हणत होते, वाटी भरली, पाणी काठाशी फुगून आलं आणि मग सांडायला लागलं. दादा, मी वाटीत बुडबुडा शोधत होते. सवय. ते माझ्या लक्षात आलं आणि मग मला रडू आवरेना. वहिनी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लई जीव व्हता त्यांचा तुझ्यावर. घरी आलं की सुरेखा, सुरेखाच. म्हनायचे, लई इमानदार पोरगी हाय." त्यांना खरं सांगायचं अजून राहिलंय.

काल अहवाल आला. कोरी बाटली स्वच्छ. हापशात पेट्रोल, गेल्या वर्षी चैत्रात निघालं होतं जवळजवळ तेवढंच. म्हणजे तेव्हाही ते पाण्यातच होतं. माझ्या बोटांनी काही केलं नव्हतं. माझ्या तोंडानं केलं. तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात, मी ते खोटं तसंच राहू दिलं, आणि ती वस्ती ते पाणी पीत राहिली. यातला तुमचा वाटा मी तुम्हाला माफ करू की नको, मला कळत नाही. रात्रंदिवस तुमच्याशी हेच भांडण चाललंय. मला कशाला वाचवलंत? दोन शिव्या हासडून साहेबांपुढं उभी केली असतीत तर नोकरी गेली असती, दुसरी बघितली असती. पण मग मला डब्यातली चटणीही आठवते, आणि माझा राग कुठं ठेवायचा ते सुचत नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मिलिंद असताना सांगायचं होतं." माझं फील्ड सध्या बंद. पुढचं काय ते वरून ठरेल. तोवर तुमच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या चिकटवायच्या.

आज सकाळी परत दांडा काढून नेला. मी स्वतः गेले बरोबर, कुणी पाठवलं नव्हतं. मावशीला सांगितलं, मागच्या वेळी बाटली भरणारी मीच होते आणि दादांनी ते आपल्या अंगावर घेतलं. तिनं मला खालून वर बघितलं. "आन वरीसभर तू गप बसलीस? माजी नातवंडं पीत व्हती ते, वरच्या हिरीवर मी म्हातारी किती खेपा घालू?" वाटलं होतं, शिव्या देईल. तिनं रिकामी कळशी उचलली आणि पाठ फिरवून विहिरीच्या वाटेला लागली. मी दुसरी कळशी उचलून तिच्या मागं चालायला लागले. ती नको म्हणाली नाही. दादा, विहीर खरंच लांब आहे.

दुपारी येऊन गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. चैत्राचं ते पान. हापशाची ओळ, आणि नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात तुमचं ते ठसठशीत अक्षर. पट्टी धरली. एक रेघ मारली. वर माझं नाव लिहिलं, आजची तारीख टाकली, सही केली. शेरा लिहायचा असतो तिथं लिहिलं: सकाळी पेट्रोलला हात लागला होता, सांगितलं नाही.

रेघ बारीकच मारलीय, दादा. खालचं नाव वाचता येतंय.